करवंटीतले सरबत

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या गावच्या घरी माळा झाडण्याचा आठवडा. मिरग तोंडावर आलेला असतो. कौले चाळून घ्यायची, फुटलेली बदलायची, सुकवलेली सोलां बरणीत भरायची, सुकी लाकडे आत घ्यायची. सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी घामाने निथळायला लावणारे हे काम. यंदा कॉलेजला सुट्टी होती म्हणून मुलगीही मदतीला आली. माळ्यावरच्या अंधारात, मोडक्या पाळण्यामागे तिला एक गोणपाटाचे पोते सापडले. पोत्यात नारळाच्या करवंट्या होत्या. मोजल्या तर चौदा भरल्या. साध्या करवंट्या नव्हेत, बाहेरून तासून, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि वापराने काळ्याभोर झालेल्या.

"पपा, कसल्या मस्त आहेत या!" मुलगी म्हणाली. "किनाऱ्यावरच्या हॉटेलांत अशाच करवंट्यांतून सरबत देतात. केवढे पैसे घेतात माहीत आहे? आपण पाहुण्यांना कोकम यातूनच देऊया."

मी काहीच बोललो नाही. पोते पुन्हा बांधले आणि म्हटले, "आधी खाली उतर, तिवळ पिऊया."

करवंट्या कसल्या होत्या ते मला ठाऊक होते. पण ते एका वाक्यात सांगण्यासारखे नव्हते. त्या दिवसापासून डोक्यात उन्हाळी पेयांचा विषय घोळत राहिला. जेवणाच्या सुट्टीत पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन पुस्तके चाळायची माझी जुनी सवय आहे. तिथे वाचलेले आणि घरी पाहिलेले असे दोन्ही आज एकत्र मांडतो.

सुरुवात राजापासून करू. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कसे खेळावे याचा तो कोशच आहे. त्यात अन्नाबरोबर पाण्याचाही स्वतंत्र विचार आहे. कोणत्या ऋतूत कुठले पाणी प्यावे, ते सुवासिक कसे करावे, इथपर्यंत. आणि त्यात पानके आहेत. आपण कैरीचे जे पन्हे करतो तो शब्द या 'पानका'वरूनच आला. रामनवमीला गूळ, आले, मिरी आणि वेलची घालून केलेले पानक आजही गोव्यातल्या कित्येक घरांत आणि देवळांत वाटले जाते. म्हणजे गोड-आंबट पाण्यात मसाला घालून उन्हाचा ताप उतरवण्याची युक्ती निदान नऊशे वर्षांची तर नक्कीच.

या सोमेश्वराचे गोव्याशी नाते होते, तेही घरचे. त्याची बहीण मैलाळदेवी ही गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी. भाऊ पानकांवर ग्रंथ लिहितो आहे आणि बहीण इकडे गोपकपट्टणात, जुवारीच्या काठी, समुद्राच्या दमट उन्हाळ्यात दिवस काढते आहे, हे चित्र मला फार गमतीचे वाटते. तिच्या माजघरात कुठले पानक होत असेल ते कुठे लिहिलेले नाही. पण डोंगरउतारावर भिरंडांची झाडे तेव्हाही होती आणि एप्रिल-मे महिन्यांत ती लाल होतच असणार.

भिरंड म्हणजे आपले कोकम, शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका'. पुष्कळांना वाटते की हे 'गार्सिनिया' नाव गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यावरून पडले. तसे नाही, ते लोराँ गार्सँ या अठराव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावावरून आले आहे. मात्र या फळाविषयी युरोपीय भाषेत फार आधी लिहिणारा माणूस ओर्ताच. तो १५३४ साली गोव्यात आला, इथेच वैद्यकी केली, आणि १५६३ साली त्याचे 'कलोकियुश' हे औषधी वनस्पतींवरचे संवादरूपी पुस्तक गोव्यातच छापले गेले. पणजीत चर्चजवळच्या पालिका उद्यानाला त्याचेच नाव आहे. तिथल्या बाकावर बसून शेंगदाणे खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

ओर्ताने या फळाला 'ब्रिंदांव' म्हटले आहे, म्हणजे आपल्या 'भिरंड'चाच पोर्तुगीज उच्चार. आतून तांबडेलाल, चवीला फार आंबट, रंगारी लोक वापरतात, आणि साल सुकवून तिचा व्हिनेगारसाठी उपयोग करतात, असे तो सांगतो. सरबताचा उल्लेख तो करत नाही. पण सोलां सुकवून ठेवायची रीत त्याने पाहिली होती, एवढे त्यावरून कळते.

त्याच पुस्तकात आणखी एक पेय आहे, आणि ते मला सरबतापेक्षा मोलाचे वाटते. पटकीच्या रोगाविषयी लिहिताना ओर्ता सांगतो की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात. ही आपली मोडशी. पोर्तुगिजांनी तिचे 'मोर्देशिं' केले आणि पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचे 'मोर द शिएँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', करून टाकले. या रोगावर इथले वैद्य काय देतात? तर तांदळाचे पाणी, त्यात मिरी आणि जिरे. त्याला म्हणतात 'कांजी'. म्हणजेच आपल्या पेजेची निवळ.

आमची आजी हेच करायची. मी सहा-सात वर्षांचा असताना ऐन उन्हाळ्यात मोडशीने आडवा झालो होतो. पावसाळा नसूनही विहिरीचे पाणी बाधले असावे. रात्रभर आजी उशाशी बसून होती. उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ, त्यात मीठ आणि चिमूटभर जिरे, चमच्या-चमच्याने. ओकलो तरी पुन्हा चमचा पुढे. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी डोळे तपासले, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि आजीला म्हणाले, "तुमी म्हज्या आदींच वखद दिलां."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांतून लोकांना प्यायला द्यायला सुरुवात केली. छावणीत शंभरातले तीसेक रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. महालनवीस २०२२ साली गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जगातल्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी हे एक, आणि ते म्हणजे शेवटी एक सरबतच! साखर आणि मीठ जोडीने असले की आतडे पाणी शोषून घेते, हे त्यामागचे शास्त्र. पेजेत साखरेऐवजी तांदळाचे पीठूळ असते, ते पोटात गेल्यावर साखरच होते. ओर्ताच्या काळच्या वैद्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता.

आता पाण्याकडे वळू, कारण सरबत झाले तरी त्यात शंभरातले नव्वद भाग पाणीच. सोळाव्या शतकातले गोवे शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, मोठे श्रीमंत होते, पण तिथल्या विहिरींचे पाणी धड नव्हते. १५८३ साली यान हाइखेन वान लिन्सखोतेन हा डच तरुण तिथे आला. आर्चबिशपच्या पदरी तो लिहिण्या-पुसण्याचे काम करी. म्हणजे आमच्याच जातीचा, कारकून! त्याने पाहिलेले १५९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात तो लिहितो की शहरातले लोक जवळच्या बांगिणी इथल्या झऱ्याचे पाणी पितात, आणि ते घागरींतून वाहून आणून विकण्याचे काम गुलाम करतात. पाण्याचा गारवा एकाचा आणि डोक्यावरची घागर दुसऱ्याची, ही वाटणी अशी जुनी आहे.

लिन्सखोतेनने आणखी एक मजा नोंदवली आहे. इथले हिंदू लोक भांड्याला ओठ न लावता वरून धार धरून पाणी पितात. ती रीत पोर्तुगिजांनीही उचलली होती. त्यांच्या मातीच्या नक्षीदार सुरईला 'गोर्गोलेत' म्हणत. आपल्या जुन्या घरांत कोनाड्यात ठेवलेला गुरगुलेट तो हाच, धार पडताना गुरगुर आवाज करणारा. पोर्तुगालहून नुकताच आलेला माणूस असे प्यायला गेला की पाणी छातीवर सांडायचे आणि जुने गोवेकर त्याला 'रेनोल' म्हणून हसायचे. ओठ न लावता पाणी पिता येणे ही तिथे प्रतिष्ठेची खूण झाली होती. हे वाक्य, वाचकहो, लक्षात ठेवा. त्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून काजू आला, आणि उन्हाळ्याच्या पेयांत एक भर पडली. काजूची फेणी सर्वांना ठाऊक आहे, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आम्हा पोरांचा जीव निरोवर. कोळंबीत बोंडू तुडवून झाले की उरलेला चोथा वेलीने आवळून त्यावर दगड ठेवतात. त्यातून आपसूक थेंब-थेंब गळतो तो निरो. गोड, किंचित घशाला धरणारा. सकाळचा सकाळीच प्यायचा, संध्याकाळपर्यंत तो आंबून पोरांच्या कामाचा राहत नाही. निरोला साखर लागत नाही, मीठ लागत नाही, विकत तर काहीच घ्यावे लागत नाही. शेजारच्या कोळंबीवर तांब्या घेऊन जायचे, बस्स.

निरो असो, तिवळ असो की नाचण्याचे तिझान, ही पेये स्वस्त का होती याचे उत्तर सोपे आहे. ती घराच्या चार दिशांना उगवत होती. महाग होती ती साखर. म्हणून आमच्या घरी दोन सरबते होत. आतल्या पाहुण्यांना साखरेचे, ओसरीबाहेर गुळाचे. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. त्या दिवसांच्या आजीच्या गोष्टी मजेशीर असत. घाटावरून येणारा माल थांबला आणि बाजारात हॉलंडचे बटाटे व सिलोनचा चहा आला. "बटाटे बोटीन येयल्ले, पूण सोलां आमच्या पोरसांतलीं," असे ती तोऱ्यात सांगे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मग हळूहळू बाटल्याही आल्या. आमच्या लहानपणी लग्नात गोल्डस्पॉटची बाटली मिळाली तर ते लग्न मोठ्या घरचे. कोकम सरबत मिळाले तर, "असो, चालायचेच." १९९३ मध्ये कोकाकोला भारतात परत आला आणि पुढे गोल्डस्पॉट दिसेनासा झाला. सोलां मात्र होती तिथेच आहेत.

आजीची सोलां करायची पद्धत सांगतो, कारण घरात ती आता फक्त मला आणि सौ.ला येते. पिकलेली भिरंडे धुऊन, पुसून दोन भाग करायची. बिया आणि गर एका भांड्यात, साली सुपात. साली उन्हात घालायच्या. गराचा जो रस सुटतो त्यात मीठ घालून संध्याकाळी साली त्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. असे चार-पाच दिवस, साल काळीजांभळी होईपर्यंत. उरलेला खारट रस बाटलीत भरला की झाले आगळ. बिया वाळवून, कुटून, उकळून तेल काढायचे. थंड झाल्यावर ते मुठीत वळायचे, म्हणून त्याला म्हणतात मुठेल. पावसात चिखलाने पायांना भेगा पडल्या की तेच लावायचे. एका फळातले काही म्हणता काही फुकट जात नाही. आणि हे सगळे मिरगाच्या आत, कारण एक सर जरी पडली तरी साली बुरसतात.

तिवळ तर त्याहून सोपे. चौघांसाठी दहा-बारा सोलां वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची. हाताने नीट चुरायची, गाळायची, वर चार पेले गार पाणी. मीठ, चिमूटभर हिंग, एक ठेचलेली हिरवी मिरची, चिरलेली कोथिंबीर. गोड हवे तर मिरची-हिंग वगळून गूळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. त्यातच नारळाचे दूध घातले की सोलकढी. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे घ्यायचे. तांब्या-पितळेचे नको, आंबटाने ते कळकते. आणि ते कितीही गोड लागले तरी वाळ्याची जुडी टाकलेल्या माठातल्या पाण्याची सर फ्रीजच्या पाण्याला येत नाही, असे आपले माझे मत. सौ. सहमत नाही.

आता करवंट्यांकडे येतो. टाळण्यात अर्थ नाही.

आमचे घराणे मोठ्या भाटकारांचे नव्हे, पण थोडी शेती आणि माडांचे भाट होते. १९६४ च्या कुळकायद्याने शेतीचे चित्र बदलले, १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरांचे. तरी ऐंशीच्या दशकात, मी लहान असताना, माड पाडायला, काजू वेचायला, कुंपण घालायला रोजावर कामेरी येत असत. सकाळी अकराच्या सुमारास आजी त्यांच्यासाठी मोठ्या मडक्यात गुळाचे तिवळ करी. कधी कंजूषपणा केला नाही. गूळ भरपूर, पाणी माठातले. मी ते मडके धरून तिच्यामागून ओसरीच्या पायऱ्या उतरायचो. खाली, वळचणीच्या काठीला या करवंट्या उपड्या घालून ठेवलेल्या असत. जो तो आपली करवंटी काढी, धुई, पुढे धरी. आजी वरून धार धरी. पिऊन झाले की करवंटी पुन्हा धुऊन ज्याने-त्याने वळचणीला. त्या करवंट्या आम्ही घरच्यांनी शिवायच्या नाहीत. एकदा मी एक उचलली तर आजीने मला आंघोळ करायला लावले. रागावली नाही हो, अगदी प्रेमाने. डोक्यावर पाणी ओतता-ओतता परवचा म्हणून घेतला.

ज्या हाताने रात्रभर मला पेजेची निवळ पाजली, तोच हा हात. हे दोन हात मला आजवर वेगळे करता आलेले नाहीत.

गंमत अशी की स्वयंपाकघरात, चुलीच्या शेजारी, कढी ढवळायची दवलीही करवंटीचीच होती. ती सोवळ्यात चाले. नारळ एकच, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाट त्या करवंटीत नव्हताच.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले, याचा आमचे आजोबा नेहमी अभिमानाने उल्लेख करीत. त्या आधीच्या शतकांत आपल्याला कशी दुय्यम वागणूक मिळाली हेही सांगत. ते खरेच होते. पण मिळालेली समानता आमच्या ओसरीच्या पायऱ्या काही उतरली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. महाड आणि आमचे गाव एकाच कोकणपट्टीत. त्यानंतर साठ वर्षांनीही आमच्या वळचणीला चौदा करवंट्या होत्या. १९६१ नंतर संविधानाचे कलम १७ गोव्यालाही लागू झालेले होते. आजी अक्षरओळख असलेली बाई, पोथी वाचायची. कलम १७ तिला कोणी वाचून दाखवले नाही. दाखवले असते तर तिने काय केले असते, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

करवंट्या बंद कशा झाल्या? क्रांती वगैरे काही झाली नाही. आजी १९९१ मध्ये गेली. आईने स्टीलचे पेले आणले आणि कुणाला काही न सांगता त्यातून द्यायला सुरुवात केली. करवंट्या बहुधा तिनेच पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या असाव्यात. जाळल्या का नाहीत? नारळाच्या करवंटीचा जाळ चांगला होतो. पण सासूची वस्तू, आई तरी कशी जाळणार?

हे सगळे मी त्या दिवशी तिवळ पिता-पिता मुलीला सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "मग हॉटेलवाल्यांनाही हे माहीत नसते?" मी म्हटले, "त्यांना कशाला, तुला तरी कुठे माहीत होते?" तिला दोष देण्यासाठी नव्हे. सांगितले नाही तो दोष माझा. आपण पेयांच्या कृती पुढच्या पिढीला देतो, कुठल्या भांड्यातून कोणाला दिले ते सांगत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी माय आली. माय म्हणजे आमच्याकडे काजू वेचायला येणाऱ्या कामेऱ्यांपैकी एक. आता वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली. तिचा नातू बँकेत आहे, दुचाकीवरून तिला घेऊन आला होता, देवळाकडे जाता-जाता. मी तिला ओसरीवर खुर्ची दिली. ती आधी पायरीवर बसायला गेली, नातवाने दंडाला धरून खुर्चीवर बसवले. मुलीने काचेच्या पेल्यांतून कोकम आणले, चांगल्या ट्रेमधून.

मायने पेला घेतला. मान मागे टाकली, पेला वीतभर वर धरला आणि धार सोडली. एक थेंब सांडला नाही.

मला लिन्सखोतेन आठवला. हीच कला येत नाही म्हणून नव्या पोर्तुगिजांना गोवेकर हसत असत. त्यांच्यासाठी ती ऐट होती. आणि ही बाई तीच कला जन्मभर आमच्या पायऱ्यांखाली शिकली, आपला ओठ दुसऱ्याच्या भांड्याला लागू नये म्हणून.

"माय, ओंठ लावन पी गे," मी म्हटले.

"संवंय पडल्या रे पुता," ती हसून म्हणाली. मग तोंड पुसत विचारले, "गोड बरें जालां. तुज्या आजयेचें अशेंच आसतालें. गूळ घाल्ला न्ही?"

गूळच घातला होता.

नातू मात्र पेला ओठाला लावून, मोबाईल बघत-बघत पीत होता. त्याच्याकडे बघून मला फार बरे वाटले.

करवंट्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. मुलगी म्हणते टाकू नका, आणि पाहुण्यांनाही देऊ नका. तूर्त पोते माळ्यावरच आहे. या वर्षीची सोलां त्याच्याच शेजारी, बरणीत भरून ठेवली आहेत. उन्हाळ्यात कधी गावी आलात तर जरूर या. तिवळ मिळेल, पेल्यातून.